खात्यावरचा विश्वास

संरक्षण खात्यात एक माणूस असा असतो की, त्याच्या हातात बंदूक नसते, हाताखाली पलटण नसते, आणि तरीही युद्ध सुरू झाले की देशातल्या प्रत्येक घरात सर्वांत आधी तोच पोचतो. पूर्वी तो आकाशवाणीवरून यायचा, मग दूरदर्शनवरून येऊ लागला, आता खिशातल्या मोबाइलवरून येतो. त्याला कुणी जनसंपर्क अधिकारी म्हणते, कुणी प्रवक्ता. अलीकडे या कामाला ‘स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. मराठीत त्याला सामरिक संवाद म्हणावे लागेल. नाव कोणतेही द्या, काम तेच. किती सांगायचे, कधी सांगायचे आणि कुणाच्या तोंडून सांगायचे, हे ठरवणे.

हे दिल्लीतले काम, त्याच्याशी मनोरीत राहणाऱ्या निवृत्त बँकवाल्याचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. आमच्या गावासमोर खाडी, खाडीपलीकडे मार्वे, आणि मार्व्याला नौदलाचे ‘आयएनएस हमला’ हे ठाणे. तिथे रसद-पुरवठ्याचे शिक्षण दिले जाते. तसेच पुढे गेले की मढचा किल्ला, तो हवाई दलाच्या ताब्यात. म्हणजे एकीकडे वाळत घातलेले बोंबील आणि दुसरीकडे देशाचे संरक्षण, यांच्यामध्ये फेरीबोटीच्या काही मिनिटांचेच अंतर. समुद्रात काही हालचाल झाली तर ती पहिल्यांदा दिसते आमच्या कोळी बांधवांना. दिल्लीतून काही सांगितले गेले तर ते शेवटी पोचते तेही त्यांनाच. शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला या विषयावर बोलण्याचा थोडा तरी हक्क असावा.

दुसरे कारण माझ्या पेशातले. मी तीसेक वर्षे बँकेत काढली. बँकेत ‘खाते’ या शब्दाचा अर्थ एक, सरकारदरबारी दुसरा. पण दोन्हीकडे खरी शिल्लक असते ती विश्वासाची. एका तालुक्याच्या गावी आमच्या शाखेसमोर एका दुपारी अचानक रांग लागली. गावातली दुसरी एक पतसंस्था अडचणीत आल्याची कुजबुज होती आणि त्या कुजबुजीत आमचेही नाव कुणीतरी गोवले होते. साऱ्या शाखेचे म्हणणे पडले की दारावर ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ अशी पाटी लावावी. आमचे मुरलेले रोखपाल म्हणाले, ‘पाटी लावली तर ज्याला माहीत नाही त्यालाही कळेल.’ त्यांनी आणखी एक खिडकी उघडायला लावली, नोटांच्या थप्प्या सर्वांना दिसतील अशा ठेवल्या आणि मागेल त्याला पैसे द्यायला सुरुवात केली. तासाभरात रांगेतली निम्मी माणसे पैसे न काढताच चहाला निघून गेली. अफवेला उत्तर म्हणून खुलासा उपयोगी पडत नाही. समोर दिसणारी रोकड लागते. संरक्षण खात्याच्या बाबतीत रोकड म्हणजे खरी माहिती.

एक वाक्य, पाच श्रोते

प्रवक्त्याचे काम अवघड का, ते आधी समजून घेऊ. तो जे वाक्य बोलतो ते एकाच वेळी पाच जण ऐकत असतात. पहिला शत्रू. त्याला आपली जागा, संख्या, पुढची चाल कळता कामा नये. दुसरा आपला जवान. त्याने जे डोळ्यांनी पाहिले त्याच्या उलट रेडिओवर ऐकले तर त्याचा वरिष्ठांवरचा भरवसा उडतो. तिसरे जवानाचे घर. तिथे आई, बायको, मुले एकेका शब्दाला कान लावून बसलेली असतात. चौथे बाहेरचे जग, म्हणजे परदेशी सरकारे आणि त्यांची वृत्तपत्रे. पाचवे तुम्ही-आम्ही, घाबरायचे की निश्चिंत राहायचे, पेट्रोलपंपावर धावायचे की घरी बसायचे, हे त्या वाक्यावरून ठरवणारे. या पाचही जणांना पाच वेगवेगळी वाक्ये सांगता येत नाहीत. म्हणून या कामात एक पथ्य कसोशीने पाळायचे असते. सगळे सांगता आले नाही तरी चालेल; पण जे सांगितले ते खोटे निघता कामा नये.

हे पथ्य मोडले की काय होते, ते १९६२ साली आपण पाहिले. १२ ऑक्टोबर रोजी कोलंबोला निघताना पंतप्रधान नेहरूंनी पत्रकारांना सांगितले की, ईशान्य सीमेवरून चिनी सैन्याला हटवण्याचे आदेश लष्कराला दिले आहेत. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बोमदिला पडले. त्यानंतर आसामातल्या तेजपूर शहरात जे घडले ते बँकेतल्या माणसाला तरी विसरता येत नाही. शहर रिकामे झाले, प्रशासनातली माणसेही निघून गेली. स्टेट बँकेच्या शाखेतल्या नोटा जाळल्या गेल्या आणि नाणी तळ्यात टाकली गेली. चिनी सैनिक तेजपूरला कधी पोचलेच नाहीत. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. तेजपूर रिकामे केले ते पराभवाने आणि त्याबरोबर आलेल्या अविश्वासाने. आतापर्यंत सांगितले ते खरे नव्हते, मग आता सांगतात ते तरी कशावरून खरे, हा प्रश्न एकदा मनात आला की माणूस सामानाची बांधाबांध करू लागतो.

सह्याद्रीने काय सांगितले

त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असे. पण धावून गेलेल्या सह्याद्रीने तिथे नेमके काय केले, याची चर्चा आपण कमी केली. सैन्याची उभारणी, नवी डोंगरी डिव्हिजने, शस्त्रे हे सगळे झालेच. मला त्यांच्या कारकिर्दीतला एक दिवस वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे २ सप्टेंबर १९६३.

पराभवाच्या चौकशीचे काम लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमसिंग भगत यांच्याकडे होते. अहवाल आला. तो जसाच्या तसा छापावा तर शत्रूच्या हाती आयता नकाशा पडणार; दडपून टाकावा तर लोकांच्या मनातला संशय कायम राहणार. चव्हाणांनी त्या दिवशी लोकसभेत निवेदन केले. अहवाल प्रसिद्ध करता येणार नाही हे सांगितले आणि त्याचबरोबर चौकशीत काय आढळले त्याचा गोषवाराही दिला. प्रशिक्षण, साधनसामग्री, आदेश देण्याची पद्धत, जवानांची शारीरिक तयारी आणि सेनाधिकाऱ्यांची कुवत अशा पाच मुद्द्यांवर उणिवा कुठे होत्या, हे त्यांनी सभागृहात मांडले. डोंगरातल्या लढाईचे शिक्षण पुरेसे नव्हते, साहित्य कमी होते, वरच्या पातळीवरून खालच्या कामात नको इतका हस्तक्षेप झाला, हे सारे त्यात होते.

त्या निवेदनात सगळे आले असे मी म्हणणार नाही. अहवाल आजही सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्याचा एक भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, तेव्हा अनेकांनी तो पहिल्यांदा वाचला. अर्धशतक उलटल्यावरही गुप्तता कशासाठी, हा प्रश्न रास्तच आहे. पण हरलेल्या देशाचा संरक्षणमंत्री वर्षाच्या आत संसदेत उभा राहून आपल्याच खात्याच्या उणिवांची यादी वाचतो, याचे मोल कमी नाही. कर्ज बुडाले तर ताळेबंदात ते बुडाले असे लिहावे लागते, तेव्हाच पुढच्या वर्षीच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवतो. पुढे १९६५ च्या युद्धात देशाने सरकारचा शब्द मानला. त्याची बेगमी त्या निवेदनात होती, असे मला वाटते.

१९६५ चे युद्ध चालू असताना चव्हाण दैनंदिनी लिहीत होते. त्यांचे त्या वेळचे खासगी सचिव राम प्रधान यांनी ती २००७ मध्ये पुस्तकातून वाचकांपुढे ठेवली. मनातली घालमेल वहीत आणि तोललेला शब्द सभागृहात, अशी ही दुहेरी कसरत. तिला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही. घरात आजारी माणूस असताना कर्ता पुरुष डॉक्टरांशी एका भाषेत बोलतो आणि आईशी दुसऱ्या. फक्त दोन्हींत खोटे असू नये.

शत्रूशी बोलणे, आपल्याशी बोलणे

१९७१ सालचे आठवते ते अंधारातले मुंबई उपनगर. खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद, गाड्यांच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग आणि कुठे फट दिसली की खालून वॉर्डनची आरोळी. मी तेव्हा शाळेत होतो. तिकडे पूर्व आघाडीवर जनरल माणेकशा रेडिओवरून आणि पत्रके टाकून पाकिस्तानी सैनिकांना सांगत होते की शस्त्रे खाली ठेवा, तुम्हाला सैनिकाला शोभेल अशी वागणूक मिळेल. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. तिच्यामागे रणांगणावरची कामगिरी होतीच. पण समोरच्याला तो शब्द खरा वाटला, याचाही त्यात वाटा होता. शत्रूनेही विश्वास ठेवावा अशी आपल्या सेनापतीची पत असणे ही लहान गोष्ट नाही.

त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ ‘आयएनएस खुक्री’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. विजयाच्या बातम्यांच्या दिवसांत ही बातमीही घरोघर पोचवणे हे संरक्षण खात्याचेच काम होते. या क्षेत्रात एक नियम आहे : घरच्यांना कळवल्याशिवाय धारातीर्थी पडलेल्या जवानाचे नाव जाहीर करायचे नाही. साधा वाटणारा हा नियम या साऱ्या कामाचा गाभा आहे. आज तो सर्वांत जास्त मोडतो. कुणीतरी फोटो टाकतो, कुणीतरी पुढे धाडतो आणि अंगणात लष्कराचा माणूस येण्याआधी शेजारणीच्या फोनवर बातमी येते.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणे इथे उपयोगी पडतील. व्हिएतनाम युद्धात सायगावमध्ये अमेरिकी लष्कर रोज सायंकाळी पत्रकारांना माहिती देत असे. आकडे इतके गुलाबी असत की वार्ताहरांनी त्या बैठकीला ‘पाच वाजताचा फार्स’ अशा अर्थाचे नाव ठेवले. १९६८ साली टेटच्या हल्ल्याने त्या आकड्यांवरचा उरलासुरला विश्वासही गेला. उलट १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाचे प्रवक्ते इयन मॅकडोनाल्ड हे संथ, कोरड्या आवाजात, लिहून घ्यावे अशा गतीने बोलत. लोक त्यांची चेष्टा करीत. पण ४ मे रोजी ‘शेफील्ड’ या युद्धनौकेवर क्षेपणास्त्र आदळले, तेव्हा त्याच कोरड्या आवाजात त्यांनी ते देशाला सांगितले. चांगली बातमी आणि वाईट बातमी एकाच आवाजात सांगणारा माणूस लोकांना कंटाळवाणा वाटतो. पण अडचणीच्या वेळी लोक त्याच्याकडेच पाहतात.

कारगिल आणि छप्पन ए.पी.ओ.

१९९९ च्या मे ते जुलैमध्ये मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. तिथे निवृत्त सैनिकांची पेन्शन खाती शेकड्यांनी. रोज दुपारी दिल्लीत पत्रकारांपुढे कर्नल बिक्रमसिंग, जे पुढे लष्करप्रमुख झाले, ते नकाशा घेऊन माहिती द्यायचे आणि रात्री ती टीव्हीवर दिसायची. दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या रांगेत त्याची छाननी व्हायची. एक म्हातारे सुभेदार होते. ते वर्तमानपत्रातला मजकूर आणि छप्पन ए.पी.ओ.चा शिक्का असलेले पोराचे पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. एकदा मी विचारले, ‘काय म्हणतंय दिल्ली?’ ते म्हणाले, ‘साहेब, पोरगं जागा लिहीत नाही, दिल्लीवाले पण सांगत नाहीत. पण दोघांचं जुळतंय.’ सामरिक संवादाची याहून नेमकी परीक्षा मी कुठे वाचलेली नाही. जवानाच्या पत्राशी सरकारचे निवेदन जुळले पाहिजे.

कारगिलमध्ये आपण आणखी एक गोष्ट शिकलो. बीजिंगमध्ये असलेले जनरल मुशर्रफ आणि रावळपिंडीतले लेफ्टनंट जनरल अझीझ यांच्यातले दूरध्वनीवरचे संभाषण आपल्या यंत्रणेने पकडले होते. ११ जून १९९९ रोजी सरकारने ते पत्रकारांपुढे ठेवले. गुप्त माहिती उघड करण्याची किंमत असते. असा दुवा पुन्हा मिळत नाही. पण घुसखोर म्हणजे ‘मुजाहिदीन’ हा पाकिस्तानचा दावा त्या एका कृतीने जगापुढे उघडा पडला. कधी झाकायचे हे जसे कळावे लागते, तसे कधी मूठ उघडायची हेही. त्या युद्धात आपले ५२७ जवान कामी आले. तिरंग्यात लपेटलेल्या पेट्या गावोगाव गेल्या आणि युद्ध म्हणजे काय, ते गावाने दारात पाहिले. तिथे कुठल्याच प्रवक्त्याच्या शब्दाची गरज नव्हती.

मुंबईची शिकवण

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून तीन दिवस मुंबईकराने टीव्ही बंद केला नाही. कमांडो कुठून उतरत आहेत, कोणत्या मजल्यावर काय चालले आहे, हे आपण जेवणाच्या ताटावर बसून पाहत होतो. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधारही तेच पाहत होते आणि फोनवरून आतल्या अतिरेक्यांना सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचे नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढीच द्यायची.

नियम योग्यच झाला. पण त्याने प्रवक्त्यावरची जबाबदारी दुप्पट झाली, हे किती जणांच्या लक्षात आले? कॅमेरे बंद करायला सांगितले की बोलण्याची सारी जबाबदारी तुमची. तुम्ही गप्प बसलात तर ती पोकळी अफवा भरून काढणार.

आणि त्या रात्रीची दुसरी बाजू समुद्राकडची. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरलेल्या त्या तरुणांना कोळी बांधवांनी हटकले होते, हे आपण सर्वांनी नंतर वाचले. त्या पहिल्या शंकेची हल्ला थांबवण्याइतकी मोठी बातमी होऊ शकली नाही. त्यानंतर किनाऱ्यावर पुष्कळ गोष्टी झाल्या. मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांक आले, ‘सागर कवच’ नावाच्या कवायती होऊ लागल्या. म्हणजे संवादाची वाट दुहेरी झाली. पण मनोरीच्या धक्क्यावरच्या माणसाने १०९३ लावला, तर पलीकडचा माणूस त्याचे ऐकून घेतो की उलटतपासणी करतो, यावर पुढचा फोन येईल की नाही ते ठरते. खात्याने बोलायला शिकावे तितकेच ऐकायलाही शिकावे.

गेल्या वर्षीच्या चार रात्री

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये पर्यटकांची हत्या झाली. त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. ७ मेच्या पहाटे भारताने नऊ ठिकाणी हल्ले केले. सकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यासह कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग देशापुढे आल्या. आवाज तोललेला, मुद्दे मोजके, मागे नकाशे आणि चित्रफिती. कुणी बोलावे याची ती निवडही एक निवेदनच होती. जगाला त्यातून जे कळायचे ते कळले.

पण पुढच्याच रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचे सांगून टाकले. घराघरांत जल्लोष झाला आणि सकाळी कळले की तसे काही झालेले नाही. एकीकडे प्रवक्ते शब्द तोलून बोलत होते, दुसरीकडे स्टुडिओत युद्ध जिंकले जात होते. १० मे रोजी लढाई थांबल्याची घोषणा मिस्री यांनी केली, तेव्हा चिडलेल्या काही लोकांनी समाजमाध्यमांवर त्यांनाच शिव्याशाप दिले. निरोप्यावर राग काढण्याची ही रीत फार जुनी, फक्त हत्यार नवे. ज्यांना रात्री कराची जिंकून दिली, त्यांना सकाळी युद्धविराम पचणार कसा?

११ मे रोजी तिन्ही दलांचे वरिष्ठ अधिकारी पत्रकारांपुढे आले. विमाने पडली का, या प्रश्नावर एअर मार्शल भारती यांनी युद्धात नुकसान होतच असते, एवढेच सांगून तपशील टाळला. मोहीम चालू असताना ते समजण्यासारखे होते. मग ३१ मे रोजी संरक्षणदल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये एका परदेशी वृत्तसंस्थेला विमाने गमावल्याचे सांगितले, संख्या सांगितली नाही. त्यांनी ते मान्य केले, याचे स्वागतच. पण एक साधा कुटुंबवत्सल नागरिक म्हणून वाटते की, घरातली गोष्ट आधी घरात कळावी. चव्हाणांनी ती संसदेत सांगितली होती.

म्हणून या पदावरच्या माणसाकडून माझ्या तीन अपेक्षा आहेत. आपल्याच वरिष्ठांना ‘हे सांगू नका, हे खोटे निघेल’ असे म्हणण्याचा त्याला अधिकार असावा. वाईट बातमी त्याने आपल्या लोकांना आधी आणि स्वतः होऊन सांगावी. आणि त्याने लोकांच्या भाषेत बोलावे. ‘सैनिक समाचार’ हे लष्कराचे नियतकालिक तेरा भाषांत निघते, त्यात मराठीही आहे. संरक्षण खात्याचा जनसंपर्क अधिकारी मुंबईत बसतो. मग संकटाच्या रात्रीची माहितीही मराठीत त्याच घटकेला का येऊ नये? दुसऱ्या दिवशी भाषांतर येईपर्यंत व्हॉट्सअॅपवरची मराठी दहा घरे फिरून आलेली असते. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे इतिहास पाच वर्षांत संकलित करण्याचे आणि नोंदी साधारण पंचवीस वर्षांनी खुल्या करण्याचे धोरण स्वीकारले. तेही नेटाने पाळले गेले तर आज झाकलेले उद्या कळेल, एवढा दिलासा लोकांना राहील.

आपलीही बाजू आहे. प्रवक्ता जे सांगत नाही ते आपण ऐकायची घाई करतो. खातेदाराने रोज उठून तिजोरी दाखवा म्हटले तर बँक चालत नाही, आणि बँकेने कधीच हिशेब दाखवला नाही तर खातेदार राहत नाही. उद्या रात्री भोंगा वाजला आणि ‘दिवे मालवा’ एवढेच सांगितले गेले, तर मनोरी ते मुलुंड लोक लगेच दिवे मालवतील, की आधी मोबाइल उघडून खरे-खोटे करत बसतील, हे त्या रात्री ठरणार नाही. ते आत्ता, या शांततेच्या दिवसांत ठरत असते.